आत्याबाईंची पेनांगची पैज

माझ्या सासूबाई, कमळाबाई ताजणे, मखमलाबादेत 'यात्रावाल्या कमळाबाई' म्हणून ओळखल्या जातात. घरची झेंडूची, शेवंतीची आणि निशिगंधाची शेती. पहाटे तोडलेला माल घेऊन नाशिकच्या फुलबाजारात बसायचं, हा त्यांचा धंदा. पण जीव सगळा सहलीत. नव्वदच्या दशकात आमच्या आळीतल्या बायकांना वणीचा गड, अष्टविनायक, तुळजापूर आणि एकदा तर थेट रामेश्वर दाखवून आणलं ते यांनीच. एसटीची अख्खी गाडी ठरवायची, शिधा कुणी आणायचा ते वाटून द्यायचं, कुठल्या धर्मशाळेत पाणी असतं आणि कुठल्या देवळापाशी पुजारी मागं लागतात ते आधीच सांगून ठेवायचं. कुठंही पोचलं की गाडीतून उतरायच्या आत त्या परतीची चौकशी करायच्या. देव नंतर, रस्ता आधी, असा त्यांचा खाक्या.

मी त्यांना आत्याबाई म्हणते. मी येवल्याची. आमच्याकडे मनात ठेवून कुढायची पद्धत नाही, जे आहे ते तोंडावर. आत्याबाईही तशाच. त्यामुळे लग्नानंतरची पहिली काही वर्षं आमच्या घरातून येणारे आवाज ऐकून शेजारी रेडिओ बंद करायचे.

दोन हजार चारच्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या गर्दीत, फुलांच्या ओल्या कचऱ्यावरून आत्याबाईंचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. माझा नवरा योगेश त्यांना दोन्ही हातांवर उचलून रिक्षापर्यंत घेऊन गेला, तेव्हा तो लहान मुलासारखा रडत होता. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, काही महिन्यांनी आत्याबाई काठी टाकून चालायलाही लागल्या. पण योगेशनं ठरवून टाकलं. बाजार बंद. माल टेम्पोनं व्यापाऱ्याकडे जाईल, आईनं घरी बसायचं.

बाजारात आत्याबाईंची जागा होती, कोपऱ्यावरची. तीस वर्षं त्या तिथं बसत होत्या. शेजारच्या कुसाबाई त्यांच्या माघारी स्वतःचं पोतं थोडं ऐसपैस पसरून ती जागा धरून होत्या. पण कोपऱ्यावरची जागा म्हटल्यावर चार जणांचा डोळा. एकदा घरी येऊन त्या म्हणाल्या, "कमळे, दसऱ्यापोत धरते. पुढं माझ्या हातात नाय. लोकं लय भांडत्यात."  

आता घरी बसलेल्या आत्याबाई म्हणजे काय, ते सांगायला हवं. सकाळी उठून त्या माझ्या स्वयंपाकघरातले डबे हलवायच्या. पोह्यांच्या डब्यात रवा, रव्याच्या डब्यात साबुदाणा. मी कणीक मळताना पाठीशी उभ्या राहून म्हणायच्या, "घट्ट झाली." पाणी घातलं की, "सैल झाली." दूधवाल्याशी त्यांनी भांडण काढलं, मग समेट केला, मग पुन्हा भांडण काढलं. त्या बाजारात परत जाव्यात असं त्यांच्याइतकंच मलाही मनापासून वाटत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला पंच नेमण्यात आलं.

योगेशचं कृषी सेवा केंद्र आहे. द्राक्षाच्या औषधांच्या एका कंपनीनं दोन हजार पाच साली दुकानदारांसाठी योजना काढली होती: ठरलेला माल उचला आणि दोघांनी बोटीची सहल करा. सिंगापूरहून निघायचं, पेनांग आणि फुकेत अशी दोन बंदरं करून परत यायचं. योगेशनं माल उचलला, तिकिटं लागली आणि मग त्याच्या लक्षात आलं की टोमॅटोचा हंगाम तोंडावर आहे, दुकान बंद ठेवता येणार नाही. हे झालं जगाला सांगायचं कारण. खरं कारण असं की योगेशला कसारा घाटातही उलटी होते. समुद्राचं नुसतं नाव काढलं तरी तो लिंबू शोधतो.

"आईला घेऊन जा," तो म्हणाला. "तेवढंच तिचं मन रमेल."

आत्याबाई ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "बोट बंदराला लागल्यावर खाली उतरता येतं का?"

"येतं. कंपनीची बस असते, गाईड असतो."

"बस नको. मी माझ्या पायानं फिरणार. अनोळखी गाव, अनोळखी भाषा. फिरून बोट सुटायच्या आत परत आले, तर दसऱ्याला माझ्या जागेवर बसू द्यायचं. नाय जमलं तर बाजाराचं नाव काढणार नाय. लावतो पैज?"

योगेश हसला. त्याला वाटलं, ही बंदरावरची गर्दी बघूनच बसमध्ये चढेल. पण तोही त्यांचाच मुलगा, त्यानं अट घातली. रूपाली, म्हणजे मी, पंच म्हणून सोबत जाईल, पण मागून चालेल. रस्ता दाखवणार नाही, आठवण करून देणार नाही. तिनं मदतीला तोंड उघडलं की आई हरली.

मी आणि तोंड उघडायचं नाही! आळीतल्या बायका हे ऐकून पदर तोंडाला लावून हसल्या. पुढे पासपोर्टच्या चौकशीला पोलीस दारात आला तेव्हा याच बायकांनी 'काय झालं गं?' म्हणत अंगण भरून टाकलं. समर्थला, आमच्या मुलाला, येवल्याला माझ्या आईकडे ठेवलं आणि आम्ही दोघी सासू-सुना निघालो.

बोट म्हणजे मला पंचवटीच्या घाटावरची नाव तेवढी माहीत. ही तर एक अख्खी पेठच पाण्यावर उभी होती. लिफ्ट काय, पोहायचा तलाव काय, गाण्याचे कार्यक्रम काय. आमच्या सोबतचे दुकानदार आणि त्यांच्या बायका पहिल्याच संध्याकाळी हरखून फोटो काढत सुटल्या. आत्याबाईंनी या सगळ्याकडे एकदा पाहिलं, जेवणाच्या मोठ्या टेबलावरून भात आणि दही घेतलं, त्यात घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी कालवली आणि खाऊन सरळ चौकशीच्या खिडकीपाशी गेल्या. तिथं एक गोव्याची मुलगी होती, तिला हिंदी येत होतं.

त्यानंतर जे झालं त्याला मी उलटतपासणी म्हणेन. बोट धक्क्याला लागते की मध्येच थांबून होडीनं नेतात? सुटायच्या किती आधी जिना उचलतात? गावचं घड्याळ आणि बोटीचं घड्याळ एकच का? तिनं सांगितलं की पेनांगला एकच आहे, फुकेतला मात्र गावचं घड्याळ एक तास मागं असतं, आणि दरवेळी कुणीतरी त्यातच फसतं. आत्याबाईंनी माझ्याकडे वळून बघितलं, म्हणजे मी ऐकलं ना याची खात्री केली. मग शेवटचा प्रश्न. कुणी मागं राहिलं तर?

"बोट थांबत नाही, आंटी," ती मुलगी गोड हसून म्हणाली. "कंपनीच्या बसला उशीर झाला तर थांबते. आपापले फिरायला गेलेल्यांसाठी नाही. आणि पासपोर्ट इथंच जमा असतो हां."

खोलीत आल्यावर मी पलंगावर बसून देवाचं नाव घेतलं. आत्याबाई मात्र खुशीत होत्या. "म्हंजे सरळ हिशेब हाय," त्या म्हणाल्या. "रामेश्वरला जास्त भानगडी होत्या."

पेनांगला सकाळी बोट धक्क्याला लागली. खाली कंपनीची बस तयार होती. आमच्यातले कळवणचे दुकानदार सहादू पगार बसच्या दारातून ओरडले, "मावशी, एकटी कुठं चालली? बस शे ना आपली! गाईड शे, एसी शे!" आत्याबाईंनी त्यांना हात दाखवला आणि नऊवारीचा ओचा घट्ट करून चालू लागल्या. मी मागे. धक्क्याबाहेर एक घड्याळाचा पांढरा मनोरा होता. आत्याबाई त्याच्याभोवती एक चक्कर मारून आल्या, चारी बाजूंनी तो कसा दिसतो ते पाहून घेतलं आणि पुढं निघाल्या.

त्यांना बघायचा होता तिथला फुलबाजार. दुसरं काही नाही. परदेशात जाऊन कुणी फुलं बघतं का, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण पैजेत तेही बसलं असतं की काय या धास्तीनं मी गिळून टाकलं. पहिल्याच चौकात त्या चुकल्या. माझ्या पर्समध्ये बोटीवर मिळालेला नकाशा होता, मला दिसत होतं की डावीकडे जायला हवं. त्या ऐटीत उजवीकडे वळल्या. चिनी दुकानांची लांबच लांब रांग, लाल कंदील, उदबत्त्यांचे जाड खांब. मी दात-ओठ खात मागून चालत राहिले. उन्हानं आणि न बोलण्यानं माझं डोकं तापलं होतं.

एका दुकानापुढे आत्याबाई थांबल्या. आतल्या म्हाताऱ्या चिनी दुकानदाराला त्यांनी स्वतःच्या अंबाड्याला हात लावून दाखवला, मग हवेत सुई-दोरा ओवल्यासारखं केलं आणि दोन्ही हात पसरून 'कुठं?' असं विचारलं. तो माणूस खुदकन हसला, दुकानाबाहेर आला आणि हातवारे करून त्यानं मागचा रस्ता दाखवला. नकाशापेक्षा जवळचा निघाला तो.

थोड्याच वेळात तिथल्या तमिळ लोकांची पेठ लागली, तमिळ गाण्यांचा आवाज यायला लागला. साड्यांची दुकानं, मिठाईची दुकानं, मग मारिअम्मन देवीचं देऊळ आणि त्याच्या कडेला फुलांची ठेली. मोगरा, कमळाच्या कळ्या, झेंडू. आत्याबाईंचा चेहरा असा उजळला की इतक्या महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. त्या एका ठेल्यापाशी गेल्या, झेंडूचं एक फूल देठाशी दाबून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कालचा माल."

ठेलेवाली त्यांच्याच वयाची, कपाळाला भस्म, नाकात दोन्हीकडे चमक्या. तिला शब्द कळला नाही, पण अर्थ बरोबर कळला. तिनं डोळे वटारले आणि खालच्या टोपलीतून ताजं फूल काढून पुढे धरलं. झालं, दोघींचं जमलं. ही तिला अक्का म्हणाली, ती हिला अक्का म्हणाली. तिनं स्टूल सरकवलं, आत्याबाई बसल्या. ती सुईशिवाय, नुसत्या बोटांनी दोऱ्याच्या गाठी मारत मोगरा गुंफत होती. आत्याबाई बघत राहिल्या, मग दोरा हातात घेतला. पहिले दोन वेळा सुटला, तिसऱ्यांदा जमला. पलीकडे तिचं काम चालू, अलीकडे यांचं. मी पायरीवर बसून नारळपाणी प्यायले आणि मनात म्हटलं, जिंकल्या. आता फक्त उठून परत जायचं.

तेवढ्यात ती ठेलेवाली उभी राहिली. लग्नाचे दोन जाड हार तिनं केळीच्या पानात गुंडाळून हातावर घेतले, आत्याबाईंकडे बघून काहीतरी म्हणाली, ठेल्याकडे बोट केलं, लांब रस्त्याकडे बोट केलं. आत्याबाईंनी मान डोलावली. ती निघून गेली.

बाजारात बसणाऱ्या बायकांची ही रीत आहे. शेजारणीला उठायचं असेल तर ती सांगून जाते, आणि सांगितलेलीनं ती परत येईपर्यंत जागचं हलायचं नसतं. घरी आग लागली तरी नाही. आत्याबाईंच्या रक्तात ती रीत इतकी भिनलेली की आपण परक्या देशात आहोत, आपली बोट सुटणार आहे, हे काही त्यांच्या मनात आलंच नाही. मान डोलावून बसल्या. गिऱ्हाईकं आली तर बोटं दाखवून गजरे विकले, पैसे तिच्या डब्यात टाकले.

मी वाट बघितली. ती बाई येईना. ऊन देवळाच्या कळसावरून खाली उतरू लागलं. मी उभी राहिले, बसले, खाकरले, घड्याळाचा हात त्यांच्या डोळ्यांसमोरून दोनदा नेला. त्या शांतपणे मोगरा गुंफत होत्या. शेवटी माझा बांध फुटला.

"आत्याबाई, उठा आता! बोट सुटेल! ती काय मखमलाबादची एसटी आहे का, मागून दुसरी यायला? पासपोर्ट तिकडे आहेत! शेजारच्या दुकानदाराला सांगू आणि निघू!"

सगळी गल्ली बघायला लागली. आत्याबाईंनी हातातली गाठ पुरी केली.

"बोललीस," त्या म्हणाल्या. "हरले मी. मिटलं ते."

मी तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग.

"त्या दुकानदाराला सांगून गेली का ती? मला सांगून गेली. बाईचा माल उघडा टाकून मी उठणार नाय. तू जा, तुझी सुटका झाली."

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. या बाईनं वर्षभर एका जागेसाठी जीव टांगणीला लावला होता, आणि ती जागा हातची गेली ते कळल्यावरही तिनं परक्या बाईची फुलं सोडली नाहीत. मी त्यांना टाकून जाणं शक्यच नव्हतं. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "दोरा द्या इकडे."

ती आली तेव्हा तिच्या हातात केळीच्या पानाची दोन पुडकी होती. लग्नघरानं तिला जेवायला बसवून घेतलं होतं, आणि ठेल्यावर कुणीतरी बसलेलं आहे म्हणून ती निवांत जेवून, आमच्यासाठीही बांधून घेऊन आली होती. मी बोटीसारखा 'भों' आवाज काढून घड्याळ दाखवलं, तेव्हा कुठं तिला कळलं. तिनं कपाळावर हात मारला. आम्ही दोघींनी मिळून आत्याबाईंना उठवलं, बसून बसून त्यांचा पाय आखडला होता. तिनं घाईघाईनं दोघींच्या केसांत गजरे खोचले आणि एका तीनचाकी सायकलरिक्षावाल्याला अशी हाक मारली की तो जागच्या जागी वळला.

त्या रिक्षात बसायची जागा पुढे आणि चालवणारा मागे. समोरून येणारी प्रत्येक मोटार आमच्याच अंगावर येते आहे असं वाटत होतं. मी डोळे मिटले. आत्याबाई मात्र मनोऱ्याकडे बोट दाखवून त्याला "तिकडं, तिकडं" करत होत्या. बोटीच्या कठड्यावरून सहादूशेठ दोन्ही हात हलवून ओरडत होते. कंपनीची बस दागिन्यांची दोन दुकानं दाखवून केव्हाच परतली होती. आम्ही जिना चढलो, आणि आमच्या पाठीमागे तो उचलला गेला.

फुकेतला आम्ही दोघी पुन्हा उतरलो. आता पैज राहिली नव्हती, त्यामुळे मी आदल्या दिवशीचं तुंबलेलं सगळं बोलून घेतलं. समुद्रकाठी शहाळी प्यायलो, आत्याबाईंनी गुडघाभर पाण्यात उभं राहून हात जोडले, आणि घड्याळातला तो एक तास लक्षात ठेवून वेळेच्या किती तरी आधी परत आलो. त्या हसत होत्या, बोलत होत्या. पण बाजाराचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही.

परत येताना मी विमानात ठरवून टाकलं होतं, योगेशशी साफ खोटं बोलायचं. पंच मी, निकाल माझा. घरात पाऊल टाकताच त्यानं विचारलं, "मग? कोण जिंकलं?" मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "तू. ही बोलली." आणि चपला काढून आत गेल्या. थोड्या वेळानं आतूनच आवाज आला, "योग्या, उद्या मला बाजारात नुसतं सोड. कुसाबाईला सांगून येते, पोतं आवर म्हणून. तिला उगं भांडायला लागतं." योगेशचा जिंकलेला चेहरा उतरला. मी त्याला पेनांगची सगळी हकीकत सांगितली. ऐकून झाल्यावर तो दुकानात निघून गेला.

मला रात्रभर चैन पडलं नाही. पहाटे मी मळ्यातून झेंडूचे क्रेट टेम्पोत चढवले, स्वतः शेजारी बसले आणि फुलबाजारात जाऊन आत्याबाईंच्या जागेवर बैठक मांडली. योगेशचा फोन आला, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "पैज आत्याबाई हरल्या. माझ्यावर कुणी पैज लावली नव्हती."

मी धंदा काय केला, ते विचारू नका. भाव पाडून मागणाऱ्याला मी भाव पाडून दिला, न मागणाऱ्यालाही दिला. कुसाबाई हसून हसून बेजार झाल्या. "येवल्याची पोर नुसती बोलायला तेज," असं त्या आल्या-गेल्याला सांगायच्या. हे सगळं घरी पोचत असणारच, कारण आत्याबाईंनी डबे हलवायचं सोडून दिलं आणि रोज संध्याकाळी झेंडू काय भावानं गेला ते विचारून, मी सांगितलेलं ऐकून, डोळे मिटून घ्यायला सुरुवात केली.

दसऱ्याच्या आदल्या पहाटे बाजार गच्च भरला होता. मी एका गिऱ्हाइकाशी वाद घालत होते, तेवढ्यात योगेशची मोटारसायकल कोपऱ्यावर थांबली. मागून आत्याबाई उतरल्या. पायात नवे, तळाला जाड रबर असलेले बूट, योगेशनं आणलेले. नऊवारीखाली ते फार विचित्र दिसत होते. त्यांनी माझ्या हातातला तराजू घेतला, म्हणाल्या, "सरक." मी सरकले. त्या आपल्या जागेवर बसल्या आणि गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "हां, बोल आता."

योगेश गाडी चालूच ठेवून उभा होता. आईकडे बघत होता, तिच्या पायाखालच्या ओल्या जमिनीकडे बघत होता.

"आई, कधी न्यायला येऊ?" त्यानं विचारलं.

आत्याबाईंनी तराजूवरून नजर काढली नाही.

"माल संपला का ये," त्या म्हणाल्या.